चार छिद्रांचा प्लग

मंगळवार, ४ मार्च

आज सकाळी दादाचा आवाज गेला. त्याचा स्वतःचा गळा केव्हाच बंद पडलाय. आजारच तसा आहे, एकेक स्नायू रजेवर जातो आणि परत कामावर येत नाही. आज गेला तो पेटीचा आवाज. "शेपूट, खिड" एवढं म्हणून पेटी गप्प झाली आणि पलंगाशेजारच्या कॉम्प्युटरमधून जळक्या रबराचा वास आला. मी प्लग उपटला. खिडकी उघडली, मग बंद केली, मग पुन्हा उघडली. त्याला नेमकं काय हवं होतं देव जाणे.

शेपूट म्हणजे मी. लहानपणी त्याच्या मागे मागे फिरायचे म्हणून ते नाव पडलं. पन्नाशी उलटली, लोकांचे कपडे शिवून शिवून चष्म्याचा नंबर वाढला, पण नाव काही सुटलं नाही.

सगळं इथे नीट लिहून ठेवते, नाहीतर माझं डोकं जागेवर राहणार नाही. दादाच्या उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलतं. बोटाखाली बटण, बटणाची वायर पेटीत, पेटी कॉम्प्युटरला जोडलेली. पडद्यावर अक्षरं सरकतात, हवं ते आलं की तो बटण दाबतो, आणि जुळलेलं वाक्य पेटी बोलून दाखवते, बँकेत नंबर पुकारणाऱ्या बाईच्या सुरात. ही पेटी त्याच्या एका मित्रानं हातानं बनवून दिली होती. तो मित्र आता नाही आणि अशी दुसरी पेटीही नाही. डोळ्यांवर चालणारा नवा टॅबलेट आम्ही आणून पाहिला. पण दादाच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या, टॅबलेटला बिचाऱ्याला डोळे सापडतच नाहीत.

पेटीशिवाय उरतं ते बोट. एकदा हललं की हो, दोनदा हललं की नाही. पण हो आणि नाहीवर माणूस किती बोलणार?

बुधवार, ५ मार्च

फुंकर येऊन गेला. हा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी तिच्यावर फुंकर मारतो, म्हणून दादानं त्याचं हे बारसं केलं. त्यालाही माहीत आहे, पण तो रागावत नाही.

आजही झाकण काढून आधी फुंकर मारली, मग म्हणाला, "ताई, पेटी ठणठणीत आहे. कॉम्प्युटरपण बरा आहे. मेलाय तो पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घेऊन आत सगळ्यांना वाटतो ना, तो डबा. त्याच्याच एका प्लगवर पेटी चालते."

"मग नवीन आण."

"आणतो की. त्यात काय."

दादाकडे बघून त्यानं जीभ चावली. दादानं उभा जन्म हेच डबे बनवण्यात घातलाय. कारखान्यात डिझाइनचा मुख्य होता. त्याच्यापुढे पॉवर सप्लाय म्हणजे काय हे समजावणं म्हणजे शिंप्याला सुई दाखवणं. दादाचा डावा गाल जरासा हलला. तो त्याचं हसणं असतं. मला बरं वाटलं, चहा जरा जास्तच गोड झाला.

शुक्रवार, ७ मार्च

डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मी पडदे शिवत होते, मशीन बंद केलं. त्यांनी छातीला नळी लावून ऐकलं, बोटाला चिमटा लावून आकडा पाहिला, आणि माझ्याकडे न बघता दादाच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. हे मला त्यांचं आवडतं. एरवी लोक त्याच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतात, जसं काही तो कपाट आहे.

त्या म्हणाल्या, "श्वासाचे स्नायू दमत चाललेत. ही वेळ येणार हे आपण बोललो होतो. गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि मशीननं श्वास द्यायचा, हा एक रस्ता. नळी घालायची नाही, त्रास होऊ नये म्हणून औषधं द्यायची आणि सोबत राहायचं, हा दुसरा. ठरवायचं तुम्ही. नळी हवी का?"

दादाचं बोट हललं. थांबलं. पुन्हा हललं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच म्हटलं, त्याचं बोट हल्ली थरथरतं, त्यावर जाऊ नका. काल पाणी हवं का विचारलं तेव्हाही असंच हललं होतं. (खरं तर काल त्याला पाणी नकोच होतं, पण ते मला नंतर आठवलं.) एवढी मोठी गोष्ट, ती त्यानं नीट वाक्यात सांगायला हवी. पेटी दुरुस्त होतेय. पेटी जे बोलेल ते मला मान्य, मी शब्दानं आड येणार नाही, असंही म्हणाले.

"पुढच्या शुक्रवारी येते," त्या म्हणाल्या. "त्यापुढे थांबवता येईल असं वाटत नाही."

मला खात्री आहे तो हो म्हणेल. इतका जिद्दी माणूस आहे. आईबाबा गेल्यावर मला वाढवलं, माझं पहिलं शिलाई मशीन आणलं, ते स्वतः खांद्यावर घेऊन तीन मजले चढला. असा माणूस नळीला नको म्हणेल?

शनिवार, ८ मार्च

घात झाला. फुंकरनं नवा डबा आणला. काळाभोर, चकचकीत, वजनदार. हल्ली त्याच्या वायरी अंगातून लोंबत नाहीत, सगळ्या सुट्या. हव्या तेवढ्याच डब्यात खोचायच्या. कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीला, म्हणजे मदरबोर्डला, लागणारा मोठा प्लग चोवीस छिद्रांचा निघाला. दादाच्या जुन्या पाटीला वीसच लागतात, तर त्या प्लगचा चार छिद्रांचा तुकडा बाजूला सरकवता येतो. फुंकर म्हणाला, "बघा ताई, जुन्या लोकांची सोय अजून ठेवतात." कॉम्प्युटर सुरू झाला. मी टाळी वाजवली.

पेटी सुरू होईना. पेटीला लागतो तो पांढरा, अंगठ्याएवढा रुंद, चार छिद्रांचा प्लग. एक पिवळी वायर, दोन काळ्या, एक लाल. फुंकरनं नव्या खोक्यातली प्रत्येक वायर बाहेर काढून पलंगावर मांडली. चपटे प्लग आहेत, सहा छिद्रांचे आहेत, आठ छिद्रांचे आहेत. चारवाला पांढरा नाही.

"या मॉडेलात काढून टाकला वाटतं," तो म्हणाला. "कधी ना कधी काढणारच होते."

मला त्याचा इतका राग आला की विचारू नका, जणू त्यानंच कापला. चपट्या प्लगला जोडून चारवाला करणारी छोटी वायर बाजारात मिळते, पण स्वस्तातली वितळते म्हणे. त्यानं स्वतः एका गिऱ्हाइकाकडे काळी पडलेली पाहिलीय. या पेटीवर तो तसला धोका घ्यायला तयार नाही.

आणि गंमत बघा. हा प्लग काढा म्हणून कारखान्यात वर्षानुवर्षं कोण भांडत होतं? दादाच. जेवताना सुद्धा तेच दळण. "कुठेतरी थांबायला हवं की नको, शेपूट? जुन्याला किती दिवस वीज पाजत बसायचं?" मी म्हणायचे, आधी भाजी वाढून घे. आज त्याला म्हटलं, बघ, ऐकलं तुझं कुणीतरी. त्याचा गाल हलला नाही.

रविवार, ९ मार्च

श्वास कालपेक्षा उथळ वाटतोय. की मीच जास्त कान लावून बसते?

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सुचवलं की तोवर तोंडानं अक्षरं म्हणा, बोट हललं की थांबा. करून पाहिलं. मी क पासून म्हणत गेले. न वर बोट हललं. आता न पासून काय काय सुरू होतं. नाश्ता, नाक, नंतर, नवीन. मी पुढचं अक्षर विचारणार होते, पण तो दमलेला दिसला. म्हटलं, जाऊ दे, उगीच त्याला त्रास. नाक ओल्या कापडानं पुसून दिलं, तेच असणार.

मग दुपारभर पडद्यांच्या घड्या उसवत बसले. चांगल्या होत्या, तरी उसवल्या.

सोमवार, १० मार्च

आज मी मूर्खपणा केला, आणि थोडक्यात वाचले.

फुंकरच्या दुकानात गेले. तो कुठेतरी कामाला गेला होता, त्याची बायको होती. ती म्हणाली, "जुन्या वायरींचं खोकं आहे, बघा त्यात." मी जमिनीवर बसून ते अख्खं खोकं उपसलं. तळाशी सापडली. एका टोकाला नव्या डब्यात खोचायचं तोंड, दुसऱ्या टोकाला तीन पांढरे प्लग, चार चार छिद्रांचे. मला रडूच फुटलं. तिनं पाणी दिलं, मी ते न पिताच पळाले.

फुंकरची वाट बघायला हवी होती. पण त्याला फोन लागेना, आणि मला धीर निघेना. घरी येऊन वायर दादासमोर धरली. "मिळाली बघ." त्याचं बोट लगेच हललं, दोनदा. मी खाली वाकून तोंड खोचायला लागले. बोट पुन्हा दोनदा. मग पुन्हा, पुन्हा. एवढं बोट हलताना मी कधी पाहिलं नव्हतं. वाटलं, आनंद झालाय, नाहीतर थंडी वाजतेय. पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं, हातही आत घेतला. वायर डब्यात अशी टक्कन बसली की जणू तिच्यासाठीच भोक केलं होतं. फक्त पेटी जोडायची राहिली. म्हटलं आधी बटण तर दाबून पाहू.

टक असा आवाज झाला आणि सगळं बंद. पंखा फिरला नाही, दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा टक. मी तिथेच फरशीवर बसून राहिले. नवा डबाही मी मारला असंच मला वाटलं.

मंगळवार, ११ मार्च

डबा मेला नव्हता. आज फुंकरनं ती वायर उपटली आणि डबा मुकाट सुरू झाला. पण वायर हातात घेऊन तो पांढराफटक पडला. म्हणाला, ही दुसऱ्या डब्याची आहे, आणि अशा वायरीबद्दल त्यानं वाईट ऐकलंय. नक्की काय ते कारखान्याला विचारायचं ठरलं. दादाचाच जुना कारखाना, डबा तिथलाच. फोन मी लावला.

पलीकडे एक बाई होत्या, मदतीच्या फोनवर बसणाऱ्या. मी सगळं सांगितलं. त्या एकदम म्हणाल्या, "थांबा. पेटी जोडली होती का?"

"नाही."

"नशीब. ताई, डब्याकडचं तोंड प्रत्येक मॉडेलात सारखं दिसतं, बसतंही, पण आतली मांडणी वेगळी असते. पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्टचा दाब जातो. तुमचा डबा धोका ओळखून बंद पडला. पेटी जोडली असती आणि डबा बंद पडला नसता, तर पेटी संपली असती. आम्ही हे रोज सांगतो आणि रोज कुणीतरी लावतंच."

काल तो एवढा बोट हलवत होता. अख्ख्या घरात हे कळणारा तो एकच माणूस, आणि मी त्याचा हात पांघरुणात कोंबला.

त्यांना विचारलं, मग आता मी काय करू? त्या म्हणाल्या, या डब्याची बरोबर वायर त्यांच्याकडे आहे, खोक्यात देत नाहीत पण मागितली तर पाठवतात. उद्या निघेल. मी म्हटलं, एवढ्या जुन्या प्लगची वायर अजून बनवता?

"बनवावीच लागते," त्या म्हणाल्या. "ज्यांच्यासाठी हा प्लग होता त्या जुन्या डिस्क तर गेल्या. पण कुणाचा पंखा त्यावर चालतो, कुणाचा पाण्याचा पंप, कुणाच्या कारखान्यात मशीन, कुणाच्या दवाखान्यात काहीतरी. वायरीला लागतं किती? आणि नसली तर माणूस अख्खा डबा परत पाठवतो. आपण शिवताना शिलाईत कापड सोडतो ना आत, तसं. लागेल न लागेल, पण कापून टाकवत नाही." मग हसून म्हणाल्या, "आमचे एक साहेब होते. दर वर्षी बैठकीत म्हणायचे, काढा तो प्लग. दर वर्षी आम्ही सगळे एकीकडे आणि ते एकटे एकीकडे."

मी म्हटलं, तो माझा भाऊ. वायर त्याच्यासाठीच हवीय.

त्यांनी माझ्याकडून पत्ता लिहून घेतला. मग त्या म्हणाल्या, "आजच पाठवते. मी स्वतः तपासून बांधते."

गुरुवार, १३ मार्च

वायर आली. फुंकर संध्याकाळी गिऱ्हाइकाकडे अडकलाय, उद्या सकाळी येतो म्हणाला. मी हात लावलेला नाही. दादासमोर मात्र धरली. "ही बरोबर आहे का?" बोट एकदा हललं. मी अजूनही लावली नाही.

श्वासाला आज आवाज येतोय. मी शिलाई मशीन चालवत राहते, म्हणजे तो ऐकू येत नाही.

उद्या तो हो म्हणेल. म्हणायलाच हवं. तो गेला तर मी या घरात कुणाशी भांडू?

शुक्रवार, १४ मार्च

जसंच्या तसं लिहिते.

फुंकर आला, फुंकर मारली, वायर खोचली, पांढरा प्लग पेटीत बसवला. हिरवा दिवा लागला. तेवढ्यात डॉक्टरीणबाईही आल्या. आम्ही तिघं पलंगाभोवती उभे. पडद्यावर अक्षरं सरकायला लागली. दादाला एक वाक्य जुळवायला पूर्वीपेक्षा खूप वेळ लागत होता.

पहिलं वाक्य पेटीनं उच्चारलं ते असं. "प्लग ठेवला ते बरं केलं. मी चुकत होतो."

फुंकर मोठ्यानं हसला आणि मग डोळे पुसायला लागला. मी मात्र ते वाक्य घट्ट धरलं. म्हटलं, ऐकलंत ना डॉक्टर, जुनं ठेवायला हवं असं तोच म्हणतोय.

पुन्हा अक्षरं. आम्ही थांबलो. "मी प्लग नाही, शेपूट."

मग, "नळी नको."

मी म्हटलं, पेटी जुनी आहे, अडकली असेल, पुन्हा सांग. डॉक्टरीणबाई मला काही म्हणणार होत्या, पण त्याचं बोट आधीच हलायला लागलं होतं. तेच दोन शब्द पुन्हा. नंबर पुकारणाऱ्या बाईच्या सुरात, शांत, स्पष्ट.

मी त्याच्यावर ओरडले. आजारी माणसावर, तेही परक्यांच्या देखत. म्हटलं, तुला कळतंय का काय बोलतोयस. माझा विचार केलास का एकदा तरी. मशीन खांद्यावर घेऊन तीन मजले चढला होतास, आता एक नळी नको होते? कोण चढणार आता माझ्यासाठी? असं बरंच काही. फुंकर दाराबाहेर जाऊन उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी माझा खांदा धरला. दादा मधे बोलला नाही, त्याला बोलता येतच नव्हतं, तो फक्त अक्षरं गोळा करत राहिला. माझं ओरडणं संपलं तरी त्याचं वाक्य संपलं नव्हतं.

मग पेटी म्हणाली, "बोटानं सांगितलं होतं. गेल्या शुक्रवारी. सोमवारी वायरीचंही. तू मोजलं नाहीस."

डॉक्टरीणबाईंनी त्याचा निर्णय कागदावर लिहिला आणि मला सही करायला सांगितली, की हे माझ्यासमोर घडलं. केली.

बुधवार, १९ मार्च

पेटी सुरू आहे, हिरवा दिवा आहे, पण तो आता तिच्यावर बोलत नाही. अक्षरांची वाट पाहण्याएवढा दम उरलेला नाही. डॉक्टरीणबाई औषध वाढवून गेल्या. त्याला त्रास होत नाहीये असं म्हणाल्या, आणि मी पहिल्यांदाच त्यांच्याशी वाद घातला नाही.

बटण मी बोटाखालून काढलं आणि त्याचा हात माझ्या तळहातावर घेतला. एकदा हो, दोनदा नाही. विचारलं, दुखतंय? दोनदा. पाणी? दोनदा. भीती वाटतेय? बराच वेळ काही नाही, मग दोनदा. मी मनात मोजलं, मग तोंडानं म्हटलं, "दोनदा. नाही म्हणालास."

मग मी विचारलं, "मला भीती वाटतेय, हे कळतंय का तुला?"

एकदा.

मग विचारलं, खिडकी उघडू का. त्या दिवसापासून हे विचारायचं राहिलं होतं. एकदा. उठून खिडकी उघडली.